थर्माकोलच्या कपातलं न्यूट्रलायझेशन: माझं उत्तर पुस्तकाच्या निम्मंच का येतंय?

कपातली_केमिस्ट्री (प्रश्न)

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले एकाच प्रॅक्टिकलवर अडकलेय, कोणीतरी मदत करा प्लीज. थर्माकोलच्या कपात ॲसिड आणि बेस मिसळून किती उष्णता बाहेर पडते ते काढायचं होतं. ५० मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड, १ मोलर (म्हणजे लिटरमागे १ मोल), आणि ५० मिली सोडियम हायड्रॉक्साइड, तेही १ मोलर. ॲसिडचं तापमान २४.० होतं, त्यात बेस ओतला, ढवळलं, थर्मामीटर चढत चढत ३०.४ पर्यंत गेला आणि मग हळूहळू उतरायला लागला. म्हणजे फरक ६.४ अंश.

मग फॉर्म्युला लावला, क्यू = एम × सी × डेल्टा टी, म्हणजे उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातला फरक. एम म्हणून ५० ग्रॅम घेतलं कारण ॲसिड ५० मिली होतं आणि तापमान मी त्याचंच मोजत होते, सी पाण्याचा ४.१८. तर ५० × ४.१८ × ६.४ = १३३८ जूल. ॲसिडचे मोल ०.०५. भागाकार केला तर २६.८ किलोजूल प्रति मोल. आणि पुस्तकात ५७.३ दिलंय!! निम्म्याहूनही कमी. प्रयोग परत केला, परत जवळपास तेवढंच. मैत्रीण म्हणाली उष्णता हवेत गेली असेल, पण अर्ध्याहून जास्त उष्णता दोन मिनिटांत हवेत जाते का खरंच? कप तर हाताला गरमही लागत नव्हता. शिवाय पुस्तकात उणे चिन्ह आहे, माझं उत्तर अधिक येतंय. जर्नलमध्ये पुस्तकातला आकडा उतरवून मोकळं व्हायचं नाहीये मला, चूक कुठे होतेय ते समजून घ्यायचंय.

बुरेटवाली

तुझी शंका बरोबर आहे, अर्धी उष्णता हवेत गेलेली नाही. हे गणित करताना फॉर्म्युल्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: तापलं कोण? कपात ॲसिड होतं ५० ग्रॅम, तू बेस ओतलास ५० ग्रॅम, आणि थर्मामीटर ज्या द्रवात बुडाला होता तो सगळा मिळून १०० ग्रॅम. २४ वरून ३० वर ते सगळंच गेलं ना? मग एम म्हणजे १०० ग्रॅम. बेसचं पाणी काही वेगळं बाजूला थंड बसून राहिलं नव्हतं.

१०० × ४.१८ × ६.४ = २६७५ जूल, भागिले ०.०५ मोल, म्हणजे ५३.५ किलोजूल प्रति मोल. एका फटक्यात जवळ आलीस.

चिन्हाचं सांगते. तू जे काढलंस ती द्रावणाने घेतलेली उष्णता आहे, द्रावणाच्या बाजूने ती अधिकच असणार. अभिक्रियेने तेवढीच दिली, म्हणून अभिक्रियेच्या खात्यात तीच रक्कम उणे. दोन खाती आहेत, एकात जमा तर दुसऱ्यात नावे, एवढंच. शेवटी लिहिताना उणे ५३.५ लिहायचं आणि ऊष्मादायी अभिक्रिया असं म्हणायचं.

घाईत_आहे

मला वाटतं मोल पण चुकलेत. ॲसिडचे ०.०५ आणि बेसचे ०.०५ म्हणजे एकूण ०.१ ने भागायला पाहिजे ना? वस्तुमान दोघांचं धरलं तर मोल पण दोघांचे धरा.

बुरेटवाली

नाही, इथे गडबड होते बऱ्याच जणांची, म्हणून थोडं सविस्तर. खरी अभिक्रिया फक्त एवढीच आहे: एक हायड्रोजन आयन आणि एक हायड्रॉक्साइड आयन मिळून पाण्याचा एक रेणू. सोडियम आणि क्लोराइड आधीही द्रावणात मोकळे होते, नंतरही मोकळेच राहिले, त्यांनी काही केलं नाही. पुस्तकातला आकडा हा पाण्याचा एक मोल तयार होताना निघणाऱ्या उष्णतेचा आहे. ०.०५ मोल हायड्रोजन आयन, ०.०५ मोल हायड्रॉक्साइड, पाणी तयार झालं ०.०५ मोल. जोडीने नाचणाऱ्या पन्नास मुली आणि पन्नास मुलगे असतील तर जोड्या पन्नासच, शंभर नाहीत. वस्तुमान मात्र दोघांचं धरायचं, कारण उष्णता सगळ्या द्रावणात पसरली. मोल कशाचे मोजायचे ते अभिक्रिया ठरवते, वस्तुमान कोणाचं मोजायचं ते थर्मामीटर कशात बुडलाय त्यावर.

आणि या दोघांपैकी एक जास्त असतं, म्हणजे समजा ॲसिड ५० मिली आणि बेस ६० मिली, तर मोल जे कमी आहे त्याचेच, ०.०५, पण वस्तुमान ११० ग्रॅम.

घाईत_आहे

अच्छा, जोड्यांचं उदाहरण डोक्यात बसलं. धन्यवाद, मी इतके दिवस ०.१ नेच भागत होतो.

कपातली_केमिस्ट्री

बुरेटवाली ताई खूप खूप आभार, १०० ग्रॅमचं पटलं एकदम. आता एक विचित्र गोष्ट सांगते, आमच्यातल्या एका ग्रुपने २५ + २५ मिली घेतलं होतं आणि त्यांचा फरकही जवळपास माझ्याएवढाच आला, थोडासा कमी. मला वाटलं होतं निम्मं केमिकल म्हणजे निम्मा फरक येईल. आणि ५३.५ पण अजून ५७ नाही, राहिलेले साडेतीन किलोजूल कुठे गेले?

जुना_लॅबवाला

मी बरीच वर्षं हे प्रॅक्टिकल घेतलंय, तेव्हा माझे दोन शब्द, थोडे लांबतील.

आधी २५ + २५ चं. केमिकल निम्मं तर उष्णता निम्मी, बरोबर, पण तापवायचं द्रावणही निम्मंच. वरही निम्मं, खालीही निम्मं, म्हणून तापमानातला फरक तोच राहतो. इथेच कळतं की तापमान आणि उष्णता ही एकच चीज नाही. थोडासा कमी का आला ते पुढे कपाचा हिशोब आला की आपोआप समजेल.

आता तुला एक प्रश्न. बेसचं तापमान वेगळं मोजलं होतंस का? तू फक्त ॲसिडचं लिहिलंयस. सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळताना स्वतःच चांगला तापतो, एका मोलमागे साधारण ४४ किलोजूल सोडतो, त्यामुळे ताजं बनवलेलं द्रावण खोलीच्या तापमानाला यायला वेळ घेतं. ते अर्धा अंश जरी गरम असेल तरी तू त्या उष्णतेचं श्रेय अभिक्रियेला देऊन बसतेस.

दुसरं, मिसळल्यावर रीडिंग किती वेळ घेतलंस? फक्त सर्वात वरचं घेतलंस की पुढेही लिहिलंस?

कपातली_केमिस्ट्री

सर, वहीत बघितलं. बेस २४.४ होता, लिहिला होता पण वापरला नाही मी. आणि रीडिंग दर दोन मिनिटांनी घेतलीत, २ मिनिटांना ३०.४, मग ४ ला ३०.१, ६ ला २९.८, ८ ला २९.५. नंतर थांबवलं. कपाला झाकण नव्हतं.

जुना_लॅबवाला

शाब्बास, रीडिंग पुढे लिहून ठेवलीस हे फार चांगलं केलंस, कारण आता प्रयोग परत न करता तो वाचवता येतो.

सुरुवातीचं तापमान: दोन्ही सारख्याच प्रमाणात आहेत म्हणून सरासरी, २४.२. इथे तुझा फरक ६.४ वरून ६.२ वर आला, म्हणजे उत्तर उलट आणखी खाली, १०० × ४.१८ × ६.२ = २५९२ जूल, ५१.८ किलोजूल प्रति मोल. घाबरू नकोस. खरं सुधारताना आकडा कधी कधी पुस्तकापासून लांब जातो, तेव्हा मागे फिरायचं नाही.

आता आलेख काढ. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर तापमान. तुझी चारही रीडिंग एका सरळ रेषेत आहेत, दर दोन मिनिटांना ०.३ अंश खाली, म्हणजे मिनिटाला ०.१५. हे कपातून हवेत जाणाऱ्या उष्णतेचं रीडिंग आहे. पण ही गळती मिसळल्या क्षणापासूनच चालू होती ना, ३०.४ दिसेपर्यंत दोन मिनिटं ती चालूच होती. म्हणून ती रेषा मागे, मिसळण्याच्या क्षणापर्यंत वाढवायची. दोन मिनिटांचे ०.३ परत जोडले की ३०.७. गळती झालीच नसती आणि थर्मामीटर लगेच पोचला असता तर द्रावण इथे पोचलं असतं. फरक आता ३०.७ − २४.२ = ६.५.

१०० × ४.१८ × ६.५ = २७१७ जूल. ५४.३ किलोजूल प्रति मोल.

मुलं सगळ्यात वरचं रीडिंग घेतात आणि सोडून देतात, पण वरचं रीडिंग म्हणजे चढणारा थर्मामीटर आणि उतरणारं द्रावण यांची वाटेत झालेली गाठ असते फक्त. झाकण लावलं असतंस, पुठ्ठ्याचं का होईना, तर उतार कमी झाला असता आणि रेषा मागे नेताना चूक कमी झाली असती.

आता कप. थर्माकोल उष्णता फारशी घेत नाही पण आतला थर, ढवळायची काडी, थर्मामीटरचं बुडलेलं टोक हे सगळं द्रावणाबरोबर तापलंच. त्यांनी किती घेतली हे वजन करून नाही काढता येत, त्यासाठी वेगळा छोटा प्रयोग. त्याच कपात ५० ग्रॅम गार पाणी घे, त्याचं तापमान मोज, मग साधारण ५० अंशाचं ५० ग्रॅम पाणी ओत, आणि असाच आलेख काढून मिसळतानाचं तापमान शोध. कपाने काहीच घेतलं नाही तर बरोबर मधलं तापमान यायला हवं. त्याहून जेवढं कमी येईल तेवढं कपाच्या पदरात. करून आकडे इथे टाक, पुढचं मिळून करू.

कपातली_केमिस्ट्री

केलं सर आज! गार पाणी २४.०, गरम ५०.०, ओतायच्या आधी लगेच मोजलं. मधलं ३७.० यायला हवं होतं, आलेखावरून ३६.४ आलं.

म्हणजे गरम पाणी १३.६ अंश उतरलं, ५० × ४.१८ × १३.६ = २८४२ जूल दिले. गार पाणी १२.४ चढलं, ५० × ४.१८ × १२.४ = २५९२ जूल घेतले. हरवले २५० जूल. कप पण १२.४ अंशच चढला असणार कारण तो गार पाण्याबरोबर होता, म्हणून २५० भागिले १२.४, साधारण २०.२ जूल प्रति अंश. हे बरोबर आहे का? कप गार पाण्याबाजूने धरायचा की गरम, यावर मी अर्धा तास विचार करत होते.

जुना_लॅबवाला

अगदी बरोबर, आणि अर्धा तास योग्य जागी घालवलास. कप गार पाण्याबरोबर २४ वर होता म्हणून त्याच्या बाजूने. याला कॅलरीमापीचा स्थिरांक म्हणतात, तुझ्या कपाचा २०.२.

आता मूळ हिशोबात कपाची जमा: २०.२ × ६.५ = १३१ जूल. द्रावणाचे २७१७ अधिक कपाचे १३१, एकूण २८४८ जूल. भागिले ०.०५ म्हणजे ५७.० किलोजूल प्रति मोल.

आणि २५ + २५ वाल्यांचं: कप तोच, २०.२ चाच. तुझ्याकडे १०० ग्रॅम द्रावणाची क्षमता ४१८ जूल प्रति अंश, त्यात कपाचा वाटा साडेचार टक्के. त्यांच्याकडे द्रावण २०९, कपाचा वाटा जवळजवळ नऊ टक्के. म्हणून त्यांचा फरक थोडा कमी आला. कप भरलेला ठेवा असं जे सांगतात ते यासाठी.

कपातली_केमिस्ट्री

५७.०!!! मला खरंच रडू यायला लागलं होतं काल. म्हणजे झालं ना आता?

मोलाचा_माणूस

अभिनंदन, मनापासून. पण मला एक भर घालायची आहे, कारण ५७.३ शी जुळलं म्हणून थांबलो तर एक महत्त्वाची गोष्ट सुटेल.

पहिली गोष्ट. ४.१८ हा शुद्ध पाण्याचा आहे, तुमच्या कपात शेवटी अर्ध्या मोलरचं मिठाचं पाणी आहे. मिठाच्या पाण्याची विशिष्ट उष्मा थोडी कमी असते, या तीव्रतेला साधारण ४.०३. दुसरीकडे १०० मिली द्रावणाचं वजन १०० नाही तर जवळपास १०२ ग्रॅम भरतं. म्हणजे आपण एक आकडा जास्त धरला आणि एक कमी, दोन चुका एकमेकींना बऱ्यापैकी खोडतात पण पूर्ण नाही. १०२ × ४.०३ × ६.५ = २६७२, अधिक कपाचे १३१, २८०३ जूल, म्हणजे ५६.१ किलोजूल प्रति मोल.

दुसरी गोष्ट, पुस्तकातला ५७.३ दगडावरची रेघ नाही. न्यूट्रलायझेशनची उष्णता तापमानाबरोबर बदलते, अंशामागे साधारण ०.२ किलोजूल कमी होत जाते. खूप पातळ द्रावणात २५ अंशाला तो आकडा ५५.८ आहे, १८ अंशाच्या आसपास ५७ च्या वर जातो. म्हणून एका पुस्तकात ५७.१, दुसऱ्यात ५७.३, तक्त्यात ५५.८ असं दिसतं आणि मुलं गोंधळतात. सगळे आपापल्या अटींत बरोबर आहेत.

तिसरी, तुमचा थर्मामीटर ०.१ अंशापर्यंत दाखवतो. सुरुवातीला ०.१ इकडे, शेवटी ०.१ तिकडे झालं तर फरकात ०.२ ची चूक, ६.५ पैकी ०.२ म्हणजे तीन टक्के, म्हणजे पावणेदोन किलोजूल. तेव्हा ५६.१ आणि ५७.३ यांतला फरक तुमच्या थर्मामीटरला दिसतच नाही. जर्नलमध्ये "५६ ± २ किलोजूल प्रति मोल" लिहा आणि त्याखाली आलेख लावा, माझ्या मते हे कुठल्याही चार अंकी उत्तरापेक्षा जास्त खरं आहे. याच कारणाने हायड्रोक्लोरिकऐवजी ॲसेटिक ॲसिड घेऊन फरक बघायला गेलात तर निराश व्हाल, पुस्तकं तिथे एक-दोन किलोजूल कमी देतात आणि ते तुमच्या चुकीच्या पट्ट्यातच बुडून जातं.

एक राहिलंच. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, त्यामुळे वजन करून बनवलेलं "१ मोलर" बऱ्याचदा ०.९५ वगैरे असतं. टायट्रेशन करून खरी तीव्रता काढली नसेल तर ०.०५ मोलच मुळात संशयास्पद. जमलं तर बेस किंचित जास्त घ्या, मग मोल ॲसिड ठरवेल.

बाँब_शंका

मध्येच घुसतो, माफ करा, पण विषय तोच आहे. आम्हाला बाँब कॅलरीमीटरचं (बंद स्टीलच्या भांड्यात पदार्थ जाळून उष्णता मोजायचं यंत्र) गणित आहे. १.०० ग्रॅम बेंझोइक ॲसिड जाळलं तर तापमान २.६० अंश वाढलं, त्याच यंत्रात ०.६४ ग्रॅम नॅफ्थलीन जाळलं तर २.५३ वाढलं. नॅफ्थलीनची ज्वलन उष्णता काढा. यात पाण्याचं वस्तुमानच दिलेलं नाही, मग एम काय घ्यायचा?

बुरेटवाली

परत तोच प्रश्न, तापलं कोण? इथे पाणी, स्टीलचा जाड बाँब, ढवळणी, सगळं तापलं, आणि प्रत्येकाचं वेगळं मोजणं कठीण, म्हणून सगळ्यांना मिळून एकच स्थिरांक. वर हिने कपाचा काढला तसाच, फक्त गरम पाण्याऐवजी बेंझोइक ॲसिड वापरतात, कारण त्याच्या एका ग्रॅमला २६.४३ किलोजूल हे नेमकं माहीत आहे आणि ते शुद्ध मिळतं, वड्या छान होतात, ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळतं. २६.४३ भागिले २.६० म्हणजे १०.१७ किलोजूल प्रति अंश. नॅफ्थलीन: १०.१७ × २.५३ = २५.७३ किलोजूल. ०.६४ ग्रॅम म्हणजे ०.००५ मोल, तर ५१४६ किलोजूल प्रति मोल, उणे.

एवढ्यावर गणित संपत नाही पण. बाँब बंद असतो, आकारमान बदलत नाही, म्हणून हा आंतरिक ऊर्जेतला बदल आहे, एन्थॅल्पीचा (म्हणजे स्थिर दाबाला मोजलेल्या उष्णतेचा) नाही. १२ मोल ऑक्सिजन गेला, १० मोल कार्बन डायऑक्साइड आला, पाणी द्रव, म्हणजे वायूचे मोल २ ने कमी. वायूच्या एका मोलमागे आरटी म्हणजे २५ अंशाला २.४८ किलोजूल, २ × २.४८ म्हणजे ५ किलोजूल अजून, एन्थॅल्पी उणे ५१५१. कपाचं तोंड उघडं असतं, दाब हवेचाच, म्हणून कपात सरळ एन्थॅल्पी मिळते आणि ही पायरी लागत नाही.

जुना_लॅबवाला

या निमित्ताने एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. लव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात उष्णता मोजली ती थर्मामीटरने नाही, बर्फाने. भांड्याभोवती बर्फ, आतल्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते पाणी तोलायचं. त्याच पद्धतीने त्यांनी गिनीपिगच्या शरीराची उष्णताही मोजली. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ जूल लागतात, तेव्हा तुझे २८०० जूल म्हणजे साधारण साडेआठ ग्रॅम बर्फ. एवढ्याशा कपातून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

कपातली_केमिस्ट्री

सगळ्यांचे आभार, ५६ ± २ लिहिलं आणि तिन्ही आकडे कसे आले तेही लिहिलं. बेसचं टायट्रेशन उद्या करणार आहे. आता पुढचं प्रॅक्टिकल अमोनियम क्लोराइड पाण्यात विरघळवायचं आहे, तिथे तापमान उतरतं. तिथे कपाचे २०.२ वजा करायचे की मिळवायचे?

जुना_लॅबवाला

मिळवायचेच. कपही द्रावणाबरोबर गार होतो, म्हणजे त्यानेही अभिक्रियेला उष्णता दिली, दोघांचं देणं एकत्र धर. फक्त आलेख उलटा दिसेल: कप गार आणि खोली गरम, त्यामुळे तापमान खाली जाऊन हळूहळू वर चढेल, आणि रेषा मागे नेलीस की उत्तर सगळ्यात खालच्या रीडिंगच्याही खाली जाईल. अमोनियम क्लोराइड बारीक करून घे आणि सतत ढवळ, विरघळायला वेळ लागला तर रेषा मागे नेणं अवघड होतं.

५.३५ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, १०० ग्रॅम पाण्यात. अमोनियम क्लोराइडला मोलमागे साधारण १४.८ किलोजूल लागतात, म्हणजे तुझ्या कपात १४८० जूल. द्रावण १०५ ग्रॅम आणि कप मिळून अंशामागे साधारण ४६०. तर ३.२ अंशांच्या आसपास उतरायला हवं. आकडे आले की इथेच टाक, बघू किती जुळतंय.